हापसा कुठे बसवला?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपे. दोघे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय कॉलेजात शिकले. १९७० साली ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेडला दवाखाना चालवायला आले.

१९७२ ला मोठा दुष्काळ पडला. जामखेडच्या आसपास हापसे बसवायचे ठरले. पण दलितांना गावच्या विहिरीवर घागर बुडवता येत नसे. कोणी ओतील तेव्हा भरायची! मग आरोळ्यांनी काय केले? हापसे दलित वस्तीतच बसवले. आता पाणी हवे तर सगळ्यांनी तिकडे जायचे. काहींनी नाके मुरडली असतील. पण घशाला कोरड पडल्यावर काय करता?

पुढे त्यांनी गावच्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत निरक्षर बाया होत्या, दलितही होत्या. जिच्या हातचे पाणी चालत नसे, तिलाच लोक रात्री-अपरात्री बाळंतपणाला बोलावू लागले.