मुलाखतीत आकडेवारी समजावून सांगणे

संख्याशास्त्राचा पदवीधर नोकरीच्या मुलाखतीस जातो, तेव्हा त्याची गाठ बहुधा संख्याशास्त्रज्ञांशी पडत नाही. लखनौसारख्या राजधानीच्या शहरात शासकीय कचेऱ्या, विद्यापीठ, औषध संशोधनापासून ऊस संशोधनापर्यंतच्या संस्था एकत्र नांदतात. तेथील मुलाखत मंडळावर एखादा प्रशासक, एखादा डॉक्टर, एखादा हिशेबखात्याचा अधिकारी आणि फार तर एक विषयतज्ज्ञ असतो. ‘आपण केलेले एखादे विश्लेषण आम्हांला समजेल अशा शब्दांत सांगा,’ हा प्रश्न तेथे वारंवार विचारला जातो. परीक्षेत अवघड सूत्रे लीलया सोडवणारा उमेदवार नेमका येथे अडखळतो. तो पद्धतीचे नाव सांगतो, मग त्या नावाचा खुलासा करण्यासाठी दुसरे नाव सांगतो. मंडळी सौजन्याने ऐकून घेतात व पुढच्या उमेदवारास बोलावतात.

ही अडचण केवळ भाषेची आहे, अशी समजूत रूढ आहे. ती पुरती खरी नाही. सोपे शब्द वापरूनही विवेचन दुर्बोध राहू शकते. विश्लेषण कोणत्या प्रश्नासाठी केले, हे ऐकणाऱ्यास कळले नाही, तर पुढचे सोपे शब्दही त्याच्या कामाचे नसतात.

हा मुद्दा स्पष्ट करणारे एक उदाहरण लखनौच्याच विद्येच्या इतिहासात सापडते. १९४१ च्या जनगणनेच्या निमित्ताने तेव्हाच्या संयुक्त प्रांतात मानवी शरीरमापांची पाहणी करण्यात आली. लखनौ विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी वीसहून अधिक जातिजमातींतील सुमारे ३००० व्यक्तींची मापे गोळा केली : उंची, बसल्या स्थितीतील उंची, डोक्याची लांबी व रुंदी, नाकाची लांबी व रुंदी इत्यादी. या मापांचे विश्लेषण कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सी. आर. राव यांनी केले, आणि तिघांच्या नावाने तो अभ्यास १९४९ साली ‘संख्या’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात वापरलेले मुख्य साधन म्हणजे आज जगभर ‘महालनोबिस अंतर’ या नावाने ओळखली जाणारी संख्या होय.

या साधनाची पूर्वपीठिका मराठी वाचकास जवळची वाटेल. १९२० साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपूर येथे भरले होते. तेथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी महालनोबिसांना, कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची मापे आपण तपासाल काय, असे विचारले. महालनोबिस हे मुळात भौतिकीचे प्राध्यापक. त्यांच्यापुढे आला तो गणिताचा प्रश्न नव्हता. माणसांच्या दोन समूहांत साम्य किती व भेद किती, असा साधा प्रश्न होता. त्या वाटेने जाता जाता १९३६ साली त्यांनी अंतराची कल्पना व्यापक स्वरूपात मांडली. तात्पर्य, प्रश्न आधी आला आणि सूत्र नंतर. समजावून सांगतानाही हाच क्रम ठेवावा लागतो. उमेदवार मात्र सूत्रापासून आरंभ करतो, कारण पाठ्यपुस्तकात तेच आधी छापलेले असते.

महालनोबिस अंतराची कल्पना सूत्रावाचून सांगता येईल काय? येते. समजा, दोन समूहांच्या सरासरी उंचीत दोन सेंटिमीटरांचा फरक आहे. हा फरक मोठा की लहान? एकाच समूहातील माणसांच्या उंचीतही बरीच सेंटिमीटरे कमीअधिक असतात. त्या मानाने दोन सेंटिमीटर ही मोठी बाब नव्हे. उलट नाकाच्या रुंदीत दोन मिलिमीटरांचा फरकही लक्षणीय ठरू शकेल, कारण समूहांतर्गत फरकच तेथे थोड्या मिलिमीटरांचा असतो. म्हणून प्रत्येक फरक मोजायचा तो त्या मापाच्या स्वाभाविक चढउताराशी ताडून. ही झाली पहिली पायरी.

दुसरी पायरी थोडी अधिक सूक्ष्म आहे. उंच माणसाची बसल्या स्थितीतील उंचीही साधारणतः जास्त असते. मग उंचीतील फरक हा एक पुरावा आणि बसल्या उंचीतील फरक हा दुसरा पुरावा, असे धरणे न्याय्य होईल काय? न्यायालयाबाहेर आपसांत बोलून आलेले दोन साक्षीदार एकच हकीगत सांगू लागले, तर शहाणा न्यायाधीश त्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार मानीत नाही. महालनोबिस अंतर हीच सावधगिरी बाळगते. परस्परांशी निगडित असलेल्या मापांचे वजन ते त्या प्रमाणात बेताचे करते आणि मग सर्व फरकांची मिळून एक संख्या देते.

या ठिकाणी काही शिक्षक नदीचा दृष्टान्त देतात : गोमतीच्या दोन तीरांवरील समोरासमोरची घाटे नकाशात जवळ दिसली, तरी पुलाच्या वाटेने दूर असतात. दृष्टान्त सुंदर आहे, परंतु ऐकणाऱ्याला तो चुकीच्या वाटेने नेतो; तो पुलाचाच विचार करीत राहतो आणि मापांचा परस्परसंबंध बाजूस पडतो. साक्षीदारांचा दृष्टान्त रुक्ष असला, तरी जी गोष्ट सांगावयाची तीच सांगतो. दृष्टान्ताची निवड त्याच्या सौंदर्यावरून करू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे निष्कर्षाची मर्यादा. ‘अमुक दोन जातींत अंतर जास्त आहे,’ हे वाक्य बिगरतज्ज्ञ माणूस कसे ऐकेल, याचा विचार बोलणाऱ्याने आधी केला पाहिजे. भारतीय समाजात जाती आणि अंतर हे दोन शब्द एकत्र आले, की उच्चनीचतेचा अर्थ आपोआप चिकटतो. वस्तुतः या संख्येत वर-खाली असे काही नाही. ती सरासरींमधील भेद सांगते. दोन समूहांतील व्यक्तींची मापे एकमेकांत कितीतरी मिसळलेली असू शकतात, आणि एका माणसाच्या नाकाडोक्याच्या मापावरून त्याचा समूह खात्रीने ओळखता येईल, असे ती मुळीच म्हणत नाही. हा खुलासा शेवटी वेळ उरल्यास करावयाचा नसतो. निष्कर्ष आणि त्याची मर्यादा एकाच श्वासात सांगितली नाही, तर ऐकणारा निष्कर्ष तेवढा घरी नेतो.

मुलाखतीत असे विवेचन कसे दिसेल, हे पाहण्यासाठी दुसरा विषय घेणे सोयीचे होईल, कारण तो डोळ्यांपुढे उभा करता येतो. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने आणेवारी ठरवून केला जात असे. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या शेतांत लहान तुकडे आखून, प्रत्यक्ष कापून व तोलून अंदाज करावा, ही पीककापणी प्रयोगांची पद्धत भारतात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. फार लहान तुकड्यांमुळे उत्पन्न फुगलेले दिसते, असा निष्कर्ष त्यांनी १९४६ साली ‘नेचर’ या ब्रिटिश नियतकालिकात मांडला. त्यामागे संयुक्त प्रांताच्या मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हावरील प्रयोग होते. समजा, अशाच सामग्रीवर प्रबंध लिहिलेला उमेदवार मंडळापुढे बसला आहे. तो असे म्हणू शकेल :

‘एका जिल्ह्यात गव्हाचे एकरी उत्पन्न किती, असा प्रश्न होता. सर्व शेते कापून तोलणे शक्य नसते. म्हणून काही शेते चिठ्ठीने निवडतात आणि प्रत्येक शेतात एक तुकडा आखून तेवढाच कापतात. असे आढळले की, तुकडा फार लहान घेतला, तर एकरी उत्पन्न जास्त दिसते. जमीन तीच आणि गहूही तोच. फरक पडतो तो कडेमुळे. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, हे कापणारा ठरवतो, आणि त्याचा हात रोप आत घेण्याकडे झुकतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड फार असते.’

या उत्तरात एकाही पद्धतीचे नाव नाही. तरीही विषयतज्ज्ञास त्यात उणे काढता येणार नाही. विळा, हात आणि कडेचे रोप ही चित्रे हिशेबखात्याच्या अधिकाऱ्यासही दिसतात. ‘एवढ्याशा कडेने काय होणार?’ असे त्याने विचारलेच, तर कागदावर दोन ओळींचे गणित पुरे. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ कापताना चूक होऊन सर्व बाजूंनी दोन इंच पट्टा जास्त कापला गेला, तर क्षेत्र सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. त्रिज्या वीस फूट असेल, तर तीच दोन इंचांची चूक क्षेत्रात २ टक्क्यांचीही भर घालीत नाही. येथे आकडा देणे आवश्यक आहे. आकडे टाळणे म्हणजे सोपे बोलणे, ही समजूत ऐकणाऱ्याचा अधिक्षेप करणारी आहे. सामान्य माणसाला टक्केवारी चांगली कळते, त्याला नको असतात ती अनावश्यक आकड्यांची कोष्टके.

प्रशासक विचारील, ‘हे भातालाही लागू पडेल काय?’ उमेदवाराजवळची सामग्री फक्त गव्हाची असेल, तर त्याने तसेच सांगावे : कडेचे कारण भातातही संभवते, परंतु फरक किती पडेल हे भात कापल्यावाचून सांगता येणार नाही. पुष्कळ तरुणांना असे उत्तर म्हणजे पराभव वाटतो. ज्याच्या सहीने पुढे खर्च मंजूर व्हायचा असतो, त्या अधिकाऱ्यास मात्र माहिती कोठे संपते हे कळणेच सर्वांत उपयोगाचे असते. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी १९५४ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेसाठी संख्याशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, तो शेतीत काम करणाऱ्यांसाठी लिहिला होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सर्वांत कठीण प्रश्न बहुधा सर्वांत साधा असतो. ‘मग मोठेच तुकडे का घेत नाहीत?’ असे कोणी विचारले, तर उमेदवार खऱ्या वादाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो, कारण याच प्रश्नावर सुखात्मे व महालनोबिस यांचे मतभेद झाले होते. मोठा तुकडा कापण्यास, झोडपण्यास व तोलण्यास वेळ आणि मजुरी जास्त लागते, म्हणजे तेवढ्याच पैशांत थोडी शेते होतात. बंगालमध्ये महालनोबिसांनी खास नेमलेल्या व शिकवून तयार केलेल्या माणसांकडून लहान तुकडे कापवून घेतले. सुखात्म्यांचा भर महसूल व कृषी खात्यांच्या नित्याच्या कर्मचाऱ्यांवर होता, म्हणून त्यांना मोठा तुकडा निर्धोक वाटला. उमेदवाराने दोन्ही बाजू सांगून मंडळालाच उलट विचारावे, की आपल्या योजनेत विळा कोणाच्या हाती असणार आहे : खास तयार केलेल्या पाहणीदाराच्या, की इतर शंभर कामे सांभाळणाऱ्या लेखपालाच्या, म्हणजे महाराष्ट्रातील तलाठ्याच्या?