घटक ४ : हळदीकुंकू ते उद्योजिका मेळावा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• हळदीकुंकवाच्या समारंभाची सामाजिक रचना स्पष्ट करता येईल.
• सणाच्या निमित्ताने होणाऱ्या दानाचे स्वरूप सांगता येईल.
• मेळाव्यातील विक्री, नफा आणि देणगी यांचा संबंध उलगडता येईल.
• निमंत्रणपत्राच्या भाषेचे चिकित्सक वाचन करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मकरसंक्रांत ते रथसप्तमी या काळात आपल्या गावात किंवा वसाहतीत एखादा महिला मेळावा आपण नक्कीच पाहिला असेल. सभागृहाच्या कडेने टेबले मांडलेली असतात. त्यांवर तिळाच्या वड्या, मसाले, पापड, पर्स, हलव्याचे दागिने असतात. व्यासपीठावर हळदीकुंकू आणि उखाणे होतात, आणि जमलेल्या रकमेचा काही भाग एखाद्या आश्रमाला किंवा वसतिगृहाला दिला जातो. सण, व्यापार आणि दान या तीन गोष्टी येथे एकाच संध्याकाळी एकत्र येतात. त्या एकत्र कशा आल्या आणि त्यांचे परस्परांशी कितपत जमते, हे आपण या घटकात पाहणार आहोत.

४.३ हळदीकुंकवाची रचना

हळदीकुंकू हा विधी असला, तरी ती एक सामाजिक व्यवस्थाही आहे. ज्या काळी स्त्रीला घराबाहेर पडण्यासाठी कारण द्यावे लागे, त्या काळी सण हे सर्वमान्य कारण होते. चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हे, पौष-माघात तिळगूळ आणि वाण या निमित्ताने स्त्रिया एकमेकींच्या घरी जात. कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोण उत्तम शिवण करते, कोणाकडे चांगला मसाला मिळतो, ही माहिती याच बैठकीत एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचे. आज व्यवहारात ज्याला ‘नेटवर्किंग’ म्हणतात, त्याचे हे घरगुती रूप होय.

वाणाची प्रथाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘वाण लुटणे’ या शब्दप्रयोगात देणारीच आपली वस्तू लुटू देते. घेणारीवर परतफेडीचे ओझे नसते. पण पुढच्या वर्षी तिच्या घरचे बोलावणे अपेक्षित असते. देवघेवीचा हा विश्वास उद्योगातही उपयोगी पडतो. ओळखीच्या स्त्रीकडून घेतलेल्या वस्तूला पाटीची किंवा जाहिरातीची गरज फारशी लागत नाही.

४.४ निमंत्रणाचा परीघ

कोणत्याही मेळाव्याबाबत एक प्रश्न विचारावा लागतो : येथे कोणाला बोलावलेले नाही? परंपरेने हळदीकुंकवाचे निमंत्रण सवाष्णीला असे. विधवा, परित्यक्ता आणि बहुधा अन्य जातींतील स्त्रिया या वर्तुळाबाहेर राहत. ओळखी ज्या बैठकीत होतात, त्या बैठकीतून वगळले जाणे म्हणजे कामाच्या आणि आधाराच्या संधीतून वगळले जाणे होय. ज्या स्त्रीला कमाईची निकड सर्वाधिक, तिलाच दार बंद, अशी ही विसंगती होती.

या परिघाला छेद देणारे प्रयत्नही जुने आहेत. सावित्रीबाई फुले यांनी १८५२ मध्ये पुण्यात महिला सेवा मंडळाच्या वतीने तिळगूळ समारंभ योजला. सर्व जातींच्या स्त्रियांनी एकाच जाजमावर बसावे, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट होती. अलीकडचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावचे आहे. तेथील ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांवर बंदी घालणारा ठराव केला. त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही या ठरावाचे अनुकरण करण्यास सांगितले. दोन्ही प्रसंगांत सण टिकला. बदलला तो प्रवेशाचा निकष.

४.५ दान आणि स्वावलंबन

सणाच्या ओवाळणीला सार्वजनिक दानाचे रूप देण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी कार्यकर्ते घरोघरी जाऊन भाऊबीज निधी गोळा करीत. भावाने बहिणीला द्यायची ओवाळणी येथे अनोळखी बहिणींच्या शिक्षणाकडे वळली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने शिवण, हस्तकला, परिचर्या असे शिक्षण देऊन स्त्रियांना मिळवते होण्याचा मार्ग दाखवला.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहा. १९५९ मध्ये मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हा या स्त्रियांचा निश्चय होता. उसने पैसे फेडता येतात; दयेची परतफेड कशी करायची, हा प्रश्न राहतो. म्हणून मेळाव्यात आलेल्या उद्योजिकेकडे ‘मदतीस पात्र’ म्हणून पाहायचे की ‘मालाची विक्रेती’ म्हणून, हे आयोजकांनी आधी ठरवावे लागते.

४.६ हिशोबाचे एक उदाहरण

समजा, एका उद्योजिकेने मेळाव्यात २० किलो तिळाच्या वड्या ३२० रुपये किलोने विकल्या. विक्री ६,४०० रुपये झाली. तीळ, गूळ आदी कच्चा माल ४,२०० रुपये, गॅस व वेष्टन ६०० रुपये आणि टेबलाचे भाडे ३०० रुपये, असा ५,१०० रुपये खर्च आला. हाती १,३०० रुपये उरले. आयोजकांनी विक्रीच्या १० टक्के, म्हणजे ६४० रुपये देणगी मागितली, तर ती सहज देण्याजोगी वाटते.

आता तिचे तीन दिवसांचे श्रम प्रतिदिन ३०० रुपयांप्रमाणे मोजा. ९०० रुपये मजुरी वजा जाता खरा नफा ४०० रुपयेच राहतो. म्हणजे देणगीतील २४० रुपये तिच्या मजुरीतून गेले. घरातील श्रमांना मोल नसते, या जुन्या समजुतीमुळे ही गोष्ट हिशोबात दिसत नाही. त्यामुळे देणगी विक्रीवर न आकारता नफ्यावर आणि स्वेच्छेने घेणे न्याय्य ठरते. आयोजकांनी टेबलांच्या भाड्यातून किंवा प्रवेशिकांतून निधी उभारण्याचा पर्यायही असतो. मात्र भाडेही लहान विक्रेतीला पेलेल इतकेच असावे.

४.७ निमंत्रणपत्राची भाषा

भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण शब्दांकडे वळू. ‘सर्व सुवासिनींनी अगत्य यावे’ आणि ‘सर्व भगिनींनी अगत्य यावे’ या दोन वाक्यांत एकाच शब्दाचा फरक आहे. पण त्या एका शब्दाने सभागृहात कोण बसेल हे ठरते. ‘सौ.’ हे उपपद केवळ विवाहित आणि पती हयात असलेल्या स्त्रीलाच लागते. ‘श्रीमती’ या उपपदाचा वापर मात्र आता सरसकट होऊ लागला आहे. तसेच ‘गरजू महिलांना मदतीचा हात’ आणि ‘महिला उद्योजकांच्या मालाची विक्री’ या ओळी एकाच टेबलाचे वर्णन करतात. पहिली ओळ वाचून आलेला ग्राहक दया म्हणून एकदा खरेदी करील. दुसरी वाचून आलेला चव आणि दर पाहील, आणि पसंत पडल्यास पुन्हा येईल.

४.८ सारांश

हळदीकुंकवाने स्त्रियांना भेटीचे निमित्त, ओळखीचे जाळे आणि देण्याची रीत दिली. त्याचबरोबर अनेकींना बाहेरही ठेवले. आजचा उद्योजिका मेळावा हा वारसा पुढे नेतो. निमंत्रण सर्वांना खुले असेल, श्रमाचा हिशोब मांडलेला असेल आणि दान स्वेच्छेचे असेल, तर सण, व्यापार आणि दान ही तिन्ही एकाच जाजमावर सुखाने बसू शकतात.

४.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘वाण लुटणे’ या शब्दप्रयोगातील देवघेवीची कल्पना स्पष्ट करा.
२. भाऊबीज निधी आणि लिज्जतच्या संस्थापक स्त्रियांचा निश्चय यांतील दृष्टिभेद सांगा.
३. ४.६ मधील उदाहरणात टेबलाचे भाडे माफ केल्यास खरा नफा किती होईल? ६४० रुपयांची देणगी त्यातून भागेल का?
४. उपक्रम : आपल्या परिसरातील एका महिला मेळाव्याचे निमंत्रणपत्र मिळवा. त्यातील कोणते शब्द कोणाला आत घेतात व कोणाला बाहेर ठेवतात, हे नोंदवा आणि ते पत्र आपल्या शब्दांत पुन्हा लिहा.