कॅल्शियमचा आकडा मोठा, पण त्रास काहीच नाही : अशा वेळी काय करावे?

सर्वांगीण आरोग्य तपासणीत हल्ली हृदयाचा सीटी स्कॅनही केला जातो आणि ‘कोरोनरी कॅल्शियम स्कोअर ४५०’ असा अहवाल घेऊन धास्तावलेली कुटुंबे आमच्या हृदयरोग विभागात येतात. रुग्ण स्वतः जिना चढून आलेला असतो. छातीत दुखत नाही, धाप लागत नाही. नातेवाइकांचा प्रश्न मात्र एकच असतो : अँजिओप्लास्टी केव्हा करावयाची? काहींनी तर त्यासाठी मदतनिधीचा अर्जही भरून आणलेला असतो.

रोहिण्यांच्या भिंतींत साचलेले कॅल्शियम मोजण्याची ही पद्धत डॉ. आर्थर अ‍ॅगॅट्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. आकडा १०० च्या पुढे गेला की धोका लक्षणीय मानतात. ३०० ते ४०० च्या पुढे तो बराच अधिक. मात्र हा आकडा म्हणजे अडथळ्याची टक्केवारी नव्हे. रोहिणीत चरबीचा थर वर्षानुवर्षे साचत आहे, एवढीच ती खूण. झटका बहुधा येतो तो मऊ थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमल्याने, आणि असा थर एकाच ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी असू शकतो. स्टेंट एका जागेपुरता. औषध सर्व रोहिण्यांसाठी असते.

२००७ मधील ‘करेज’ आणि २०२० मधील ‘इस्केमिया’ या मोठ्या अभ्यासांत, स्थिर हृदयविकार असलेल्यांना उत्तम औषधोपचारांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास दिल्याने मृत्यूचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. छातीतील वेदना मात्र कमी झाली. ज्यास वेदनाच नाही, त्याच्या पदरात यातून काय पडणार? म्हणूनच केवळ आकड्यावरून आलेले अर्ज आम्ही प्रथम वैद्यकीय तपासणीसाठी परत पाठवितो. दात्यांच्या पैशाइतकाच त्यात रुग्णाच्या जिवाचाही विचार आहे. नळी घालून करावयाची कोणतीही प्रक्रिया सर्वस्वी निर्धोक नसते.

याचा अर्थ अहवाल कपाटात ठेवून द्यावा, असा मुळीच नव्हे. अशा रुग्णास आम्ही सर्वसाधारणपणे स्टॅटिन सुरू करतो आणि एलडीएल कोलेस्टेरॉल ७० च्या खाली आणण्याचा प्रयत्न करतो. रक्तदाब व मधुमेह काटेकोरपणे आटोक्यात हवेत. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्रीसुद्धा (हिचा उल्लेख घरची मंडळी हमखास टाळतात) पूर्ण बंद. अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो. ती स्वतःहून घेऊ नये. आकडा फार मोठा असल्यास किंवा चालताना त्रासाची शंका आल्यास स्ट्रेस टेस्ट करून पुढील निर्णय घेतला जातो.

दूध किंवा डॉक्टरांनी हाडांसाठी दिलेल्या गोळ्या मनानेच बंद करणारे रुग्ण आम्हांस वारंवार भेटतात. रोहिणीतील कॅल्शियम हे जुन्या व्रणासारखे असते. दूध सोडल्याने ते विरघळत नाही. तसेच स्टॅटिन घेत असताना थर घट्ट होऊन आकडा वाढूही शकतो. त्यामुळे औषध लागू पडते की नाही हे पाहण्यासाठी दरवर्षी स्कॅन करू नये. रक्ततपासणी पुरेशी असते.

मात्र चालताना छाती आवळल्यासारखी वाटणे, जबड्यात वा डाव्या हातात कळ येणे, एकाएकी दरदरून घाम सुटणे यांपैकी काहीही झाल्यास भेटीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णास थेट तातडीच्या विभागात आणावे.