गच्चीवरचा एसी : दहा टन की पंधरा?

प्रश्न : नागपुरात सर्वांत वरच्या मजल्यावर आमचं 1,500 चौरस फुटांचं रेस्टॉरंट आहे. गच्चीवर पॅकेज एसी बसवायचाय. एक कंत्राटदार 10 टन सांगतो, दुसरा 15. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांकडूनही आधी उष्णताभाराचा लेखी हिशेब घ्या. नुसत्या चौरस फुटांवर टन ठरत नाहीत. तुमचा स्लॅब दिवसभर तापतो, माणसांची उष्णता असतेच. शिवाय किचनचा एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढीच रस्त्यावरची गरम हवा दारातून आत शिरते. हे बहुतेक हिशेबांत सुटतं.

एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. पण ही क्षमता सहसा बाहेर 35 अंश धरून छापलेली असते. नागपूरचा मे 45 गाठतो, तेव्हा ती घटते. म्हणून 46 अंशांचे आकडे मागा.

उगाच मोठं यंत्रही नको. पावसाळ्यात ते क्षणात गारवा करून थांबतं, दमटपणा तसाच राहतो आणि टेबलावरचे पापड सादळतात. दोन कॉम्प्रेसरचं युनिट घ्या; दुपारी गर्दी ओसरली की एकच चालेल. हीटिंगवर खर्च करू नका, तो पैसा गच्चीच्या पांढऱ्या परावर्तक लेपावर घाला.

आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब तपासल्याशिवाय क्रेन बोलावू नका.