तबकडी वाचली का जात नाही?

कोलकात्याच्या अलीपूर भागातील बेल्व्हेडिअर या जुन्या वास्तूत १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते राष्ट्रीय ग्रंथालय वाचकांना खुले झाले. पुढे याच ग्रंथालयाने जीर्ण झालेल्या हजारो ग्रंथांची पाने स्कॅन करून सीडींवर साठविली. कागद ठिसूळ होतो हे आपण जाणतोच. परंतु तबकडीलाही वार्धक्य येते आणि ती वाचणाऱ्या यंत्रालाही. शाळेच्या अथवा गावच्या वाचनालयाच्या कपाटातील एखादी डीव्हीडी लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात घातली आणि ती उघडली नाही, तर दोष कोणाचा? तबकडीचा, यंत्राचा, की त्या दोहोंवर हुकमत चालविणाऱ्या प्रणालीचा? हा निवाडा घाईने केला तर एकमेव प्रत असलेली धडधाकट तबकडी केराच्या टोपलीत जाते.

हा प्रश्न काही नवा नव्हे. कोलकात्याजवळ बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ साली ब्रिटनमधून आणलेले ‘एचईसी-२एम’ हे गणकयंत्र चालू झाले. त्याची स्मृती एका फिरत्या चुंबकीय ड्रमवर होती व तीत अवघे १०२४ शब्द मावत. तेथेही चुकीचे उत्तर आले की ड्रम, विद्युत्‌मंडल आणि आज्ञावली यांपैकी कोण चुकले हे आधी ठरवावे लागे. आज साधन बदलले आहे, रीत तीच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. डीव्हीडीवरील माहिती एका सर्पिल मार्गावर असते. हा मार्ग केंद्राजवळ सुरू होऊन कडेकडे जातो. त्याच्या लगतच्या दोन फेऱ्यांमधील अंतर केवळ ०.७४ मायक्रोमीटर असते. सीडीवर ते १.६ मायक्रोमीटर असते. सीडी वाचण्यास ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण लागतो, डीव्हीडीस ६५० नॅनोमीटरचा तांबडा. म्हणून बहुतेक यंत्रांत दोन वेगळे लेसर बसविलेले असतात. यातून एक सुंदर कसोटी हाती येते. यंत्र सीडी बिनतक्रार वाचते, पण एकही डीव्हीडी वाचत नाही, असे दिसले तर तांबडा लेसर क्षीण झाला असल्याचा संशय बळावतो. मात्र भिंगावरील धुळीचा उपद्रवही बारीक खुणांच्या डीव्हीडीलाच अधिक होतो, हे ध्यानी ठेवावे.

आता लिनक्सची साक्ष काढावी. या प्रणालीचा गाभा आपल्या कामाची नोंदवही ठेवतो. डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरे लागोपाठ टंकून ती वाचता येते. काही संगणकांवर त्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. नोंदींत यंत्राचे नाव मुळीच नसेल तर तबकडीचा विचार बाजूला ठेवून तारा व वीजपुरवठा तपासावा. यूएसबीने जोडलेल्या यंत्रांना एका खाचेतून मिळणारी वीज कित्येकदा पुरत नाही. नाव आहे, ते बहुधा ‘एसआर-शून्य’ असे असते, पण आत तबकडी असूनही ‘माध्यम नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येत असेल, तर किरणाला तबकडीवर नेमके केंद्रित होता आलेले नाही. वाचनदोषाचा संदेश विभागाच्या क्रमांकासह आला, तर तो क्रमांक टिपून घ्यावा. तीच तबकडी दुसऱ्या यंत्रात त्याच जागी अडखळली तर दोष तबकडीचा. निरनिराळ्या तबकड्या एकाच यंत्रात अडखळू लागल्या तर यंत्राचा.

तिसरी शक्यताही असते. कोणताही वाचनदोष नोंदलेला नाही, फायलींची यादी दिसते, पण विकत आणलेला चित्रपट तेवढा चालत नाही. अशा तबकड्यांवर सांकेतिक कुलूप असते, आणि ते उघडणारा भाग लिनक्सच्या अनेक वितरणांत मूळचा नसतो. येथे यंत्र निर्दोष आहे. कधी वापरणाऱ्याला यंत्र हाताळण्याची परवानगीच दिलेली नसते. व्यवस्थापकाच्या खात्यातून तबकडी उघडली की हे उलगडते.

कोलकात्यासारख्या दमट हवेच्या गावी आणखी एक गोष्ट घडते. वातानुकूलित खोलीतील यंत्र पावसाळ्यात बाहेर आणले की थंड भिंगावर बाष्प जमते. अशा वेळी यंत्र तास-दोन तास तसेच ठेवावे. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. धूळ काढण्यास छायाचित्रकारांची रबरी फुंकणी वापरावी, तोंडाने फुंकू नये. यंत्राचे कवच काढून ते चालू करणे सर्वथा वर्ज्य, कारण आतील लेसर डोळ्यांना इजा करू शकतो.

तबकडी पुसताना मऊ कापड केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे, गोल नव्हे. त्यामागचे कारण असे: आडवा ओरखडा सर्पिल मार्गाला क्षणमात्र छेदतो, आणि तेवढी हानी दोषसुधारक संकेत भरून काढतो. मार्गाच्या दिशेने उमटलेला ओरखडा मात्र एका सलग पट्ट्यातील माहिती पुसतो. लांबी काही मिलिमीटरांपलीकडे गेली की संकेताचे बळ अपुरे पडते.

दोष तबकडीचाच ठरला तरी निराश होऊ नये. ‘डीडी-रेस्क्यू’ नावाची मोफत आज्ञावली आहे. ती आधी सुस्थितीतील विभाग उतरवून घेते, अडलेले मागे ठेवते आणि कोठे काय राहिले याचा नकाशा लिहिते. तो नकाशा जपून तीच तबकडी दुसऱ्या संगणकातील यंत्रात घालावी. एका यंत्राला न दिसलेला विभाग दुसऱ्याला दिसतो, असा अनुभव वारंवार येतो. प्रत पुरी झाली की तीवरून सर्व फायली उघडून पाहाव्यात, दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवावी, आणि मूळ तबकडी अंधाऱ्या, कोरड्या जागी उभी करून ठेवावी.