७ नोव्हेंबर : विद्यार्थी दिवस आणि आपले कर्तव्य



१४ एप्रिल, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर हे दिवस आपल्या मुलांना सांगावे लागत नाहीत. परंतु ७ नोव्हेंबर म्हणजे काय, असे विचारले तर पुष्कळ घरांत उत्तर मिळत नाही. वास्तविक हा दिवस महाराष्ट्र शासनाने अधिकृतपणे मान्य केलेला आहे. म्हणून या पाठात त्याचा विचार करू.

दिवस कोणता?

७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजी यांनी आपल्या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत घातले. मुलगा नऊ वर्षांचा होता. शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव आहे. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते.

शाळेत प्रवेश मिळाला, पण वर्गात समता मिळाली नाही. बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर दिवसभर तहान. हे सर्व बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तरीही त्या मुलाने शाळा सोडली नाही. पुढे परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल सत्कार झाला, तेव्हा गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणारी वाट शाळेच्या पायरीवरून गेली आहे, हे नवदीक्षितांनी ध्यानात घ्यावे.

शासनाने दिवस कसा मानला?

कोणताही दिवस आधी लोक पाळतात, मग सरकार मानते. पुण्यात १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी भीमजयंती साजरी केली, तेव्हा कोणत्याही सरकारचा हुकूम नव्हता. तसेच इथे झाले. साताऱ्यातील कार्यकर्ते ७ नोव्हेंबर हा 'शाळा प्रवेश दिन' म्हणून पाळीत होते आणि शासनाकडे मागणी करीत होते. अखेर २७ ऑक्टोबर २०१७ रोजी शासन निर्णय निघाला. सर्व शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांत हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा व्हावा आणि बाबासाहेबांच्या जीवनावर व्याख्याने, निबंध, वक्तृत्व स्पर्धा घ्याव्यात, असे ठरले.

अडचण कोठे आहे?

पहिली अडचण पंचांगाची. दिवाळी पुढेमागे होते. २०१८ साली ७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनच होते! शाळेला कुलूप असेल तर शासन निर्णय कोण वाचणार?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. कार्यक्रम झाला तरी भाषणाला आपलीच मुले उभी केली जातात आणि बाकीची मुले हा 'त्यांचा दिवस' समजून गप्प बसतात. शासनाने त्याला 'विद्यार्थी दिवस' म्हटले आहे. तो सर्व जातिधर्मांच्या मुलांचा आहे. आमच्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. तो साऱ्या गावाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मग १९२७ चा महाडच्या पाण्याचा सत्याग्रह आणि १९०० चा शाळाप्रवेश एका वस्तीपुरता का राहावा?

आपण काय करावे?

१. शाळा बंद असली तरी घर उघडे असते. त्या सायंकाळी त्रिशरण-पंचशील घेऊन मुलांकडून बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची माहिती वाचून घ्यावी. त्या दिवशी मुलांनी बोलावे, वडीलधाऱ्यांनी ऐकावे.

२. सुट्टी संपताच दोन-चार पालकांनी मुख्याध्यापकांना भेटून, पहिल्याच आठवड्यात कार्यक्रम घेण्याची लेखी विनंती करावी. भाषा विनयाची असावी. विनंती सर्व मुलांच्या सहभागाची असावी.

३. वस्तीतील एखादे मूल, विशेषतः मुलगी, शाळेच्या पटावरून गळली आहे काय, हे पाहावे. असेल तर तिचे नाव पुन्हा पटावर चढविणे हेच त्या दिवसाचे खरे अभिवादन होय.

४. हारतुऱ्यांच्या वर्गणीतला काही भाग वह्या-पुस्तकांसाठी राखून ठेवावा.

दीक्षा घेऊन आपण बुद्धाला शरण गेलो. बुद्धाचा मार्ग प्रज्ञेचा आहे. घरात मूर्ती आली आणि पुस्तक आले नाही, तर आपण उंबरठ्यावरच थांबलो असे समजावे. शासनाने तारीख दिली. तिच्यात अर्थ भरण्याचे काम आपले आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातून प्रथम शाळेत कोण गेले? कोणत्या साली?
२. 'शाळेत प्रवेश' आणि 'शाळेत समता' यांत फरक कोणता?
३. विद्यार्थी दिवस सर्व मुलांचा व्हावा यासाठी आपल्या शाळेत काय करता येईल?

जय भीम!