वीरगळ : दगडातील इतिहासाचे वाचन

(इयत्ता तिसरी व चौथी : इतिहास व चित्रकला यांचा जोडपाठ)

महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत देवळाच्या आवारात अथवा वेशीपाशी उभट कोरीव दगड आढळतात. युद्धात किंवा गाईगुरांचे रक्षण करताना धारातीर्थी पडलेल्या वीराचे हे स्मारक. त्यास वीरगळ म्हणतात. शिलाहार व यादव यांच्या काळातील वीरगळ विशेष आढळतात. बहुतेकांवर लेख नसल्यामुळे वीराचे नाव कळत नाही. परंतु तत्कालीन जीवनाची पुष्कळ माहिती शिल्पातूनच मिळते.

उद्देश : कलाकृती पाहून गतकाळाविषयी अनुमान करण्यास शिकविणे, आणि डोळ्यांना दिसलेले व मनाने ताडलेले यांतील भेद मुलांच्या ध्यानी आणणे.

पूर्वतयारी : शिक्षकांनी दगड आधी स्वतः पाहावा. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते. दगड खरवडू नये. त्यावर खडूने रेघा ओढू नयेत. त्याची पूजा होत असल्यास तेथील रीत पाळावी.

पाठाचा ओघ : वीरगळाच्या चौकटी खालून वर वाचावयाच्या असतात. सामान्यतः तळाशी पडलेला वीर व कधी गाई, त्यावर लढाई, त्यावर वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य असतात. हा क्रम आरंभी सांगू नये. वीराच्या हाती कोणते शस्त्र आहे? ढाल आहे का? घोडा आहे का? केस कसे बांधले आहेत? गाई का कोरल्या असाव्यात? असे प्रश्न विचारून उत्तरे मुलांकडूनच काढून घ्यावीत. गुरे हे गावाचे धन होते आणि शत्रू ते पळवून नेत, हे मुले थोड्या साहाय्याने ताडतात.

वीर खरोखरच आकाशात गेला काय, असे एखादे मूल विचारील. त्यास हसून गप्प करू नये. खालच्या चौकटींतून लोक कसे लढत हे कळते. वरच्या चौकटींतून मरणोत्तर गतीविषयी ते काय मानीत हे कळते. दोन्ही इतिहासाचेच अंग आहे. मात्र शिल्पी ठरीव पद्धतीने कोरीत. त्यामुळे दगडावरील चेहरा त्या वीराचाच असे मानू नये. गावातील दंतकथा अवश्य ऐकवावी, पण दंतकथा म्हणूनच.

गावी वीरगळ नसल्यास मुंबईतील बोरिवलीनजीकच्या एकसर येथील वीरगळांचे चित्र दाखवावे. त्यांपैकी काहींवर वल्ह्यांच्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे.

उपयोजन : मुलांनी वहीत ‘मी पाहिले’ व ‘मला वाटते’ असे दोन रकाने आखावेत आणि एका चौकटीचे चित्र काढावे. गावातील अशा दगडांची संख्या व जागा यांची नोंद शाळेत ठेवावी. पुष्कळ वीरगळ आज धुण्याचे दगड व पायऱ्या म्हणून झिजत आहेत, काही तैलरंगाखाली बुजले आहेत. वीरगळ वाचावयास शिकलेले मूल त्यावर धुणे आपटू देणार नाही.